शिकाऊ उमेदवारीचे दिवस आणि अनुभवी माणसाचा उंबरठा

दरवर्षी महाविद्यालयांच्या परीक्षा आटोपल्या की आपल्या बुलडाणा जिल्ह्यातील अनेक ख्रिस्ती युवक-युवती कोठे ना कोठे प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू होतात. कोणी खामगावच्या किंवा मलकापूरच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात जातो, कोणी बुलडाण्याच्या जिल्हा रुग्णालयात, कोणी एखाद्या पतसंस्थेच्या शाखेत, तर कोणी ग्रामपंचायत कार्यालयात संगणकासमोर बसतो. अभ्यासक्रमाच्या भाषेत याला इंटर्नशिप, कार्यप्रशिक्षण किंवा शिकाऊ उमेदवारी अशी निरनिराळी नावे आहेत. हेतू मात्र एकच आहे. पुस्तकात वाचलेले काम प्रत्यक्षात कसे चालते हे उमेदवाराने पाहावे व स्वतः करून शिकावे.

अशा संधी आता पूर्वीपेक्षा वाढल्या आहेत. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. १८ ते ३५ वर्षे वयाच्या उमेदवारांना सुरुवातीस सहा महिन्यांसाठी शासकीय व खासगी आस्थापनांत काम शिकता यावे आणि त्या काळात बारावी उत्तीर्णास दरमहा ६,००० रुपये, आयटीआय वा पदविकाधारकास ८,००० रुपये व पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन मिळावे, अशी तिची रचना करण्यात आली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये केंद्र शासनाने पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरू केली. तिच्यात २१ ते २४ वर्षे वयाच्या तरुणांना मोठ्या कंपन्यांत बारा महिने काम शिकण्याची व दरमहा ५,००० रुपये मिळण्याची तरतूद होती. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांत कार्यप्रशिक्षणाला किंवा क्षेत्रप्रकल्पाला चार श्रेयांक देण्यात आले. बी.एड.च्या विद्यार्थ्याला काही आठवडे शाळेत शिकवावे लागते आणि एम.बी.बी.एस. झालेल्या डॉक्टरला एक वर्ष रुग्णालयात राबावे लागते, हे तर आपण जाणतोच.

हे सर्व स्वागतार्ह आहे. तथापि मुदत संपवून परतलेल्या मुलामुलींशी बोलले असता एक गोष्ट वारंवार ध्यानात येते. प्रमाणपत्र हाती आलेले असते, विद्यावेतन बँकेत जमा झालेले असते, पण "तिथल्या अनुभवी माणसांपैकी कोणाशी तुझ्या पुढच्या वाटचालीविषयी बोललास का?" असे विचारले तर उत्तर बहुधा "नाही" असे येते. पंधरा-वीस वर्षे तेच काम करीत असलेली माणसे रोज चार पावलांवर बसलेली होती. त्यांना चहा नेऊन दिला, त्यांच्या फायली लावल्या, त्यांनी सांगितलेली आकडेमोड केली. एक प्रश्न मात्र विचारला गेला नाही.

याचे कारण आळस हे नव्हे. भीड हे त्याचे खरे कारण आहे. आपली बहुतेक मुले घरातील पहिली किंवा दुसरी शिकलेली पिढी आहेत. ज्या घरात वडील अभियंता असतात किंवा मावशी बँकेत अधिकारी असते, त्या घरातील मुलाला असा सल्ला रात्रीच्या जेवणाच्या वेळी, न मागता मिळतो. कोणता अभ्यासक्रम फुकट आहे, कोणत्या पदावर गेल्यास पुढे वाट बंद होते, कोणत्या साहेबाच्या हाताखाली काम शिकता येते, या गोष्टी तो ऐकत ऐकत मोठा होतो. शेतमजुराच्या, वॉर्डबॉयच्या किंवा लहान शेतकऱ्याच्या मुलाला ते ऐकायला मिळत नाही. "आमची कोठे ओळख नाही" ही तक्रार त्यातूनच येते. इंटर्नशिपचे महत्त्व येथेच आहे. काही महिन्यांसाठी का होईना, ज्याच्या घरात ओळख नाही त्याला ती ओळख करून घेण्याचा न्याय्य अधिकार मिळतो. तो वापरला नाही, तर मुदतीबरोबर तो अधिकारही संपतो.

शेगावचा डॉक्टर आणि सेवाग्रामचा प्राध्यापक

अनुभवी माणसाला कसे विचारावे आणि मिळालेल्या सल्ल्याचे काय करावे, याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील आहे. डॉ. रवींद्र कोल्हे हे मूळचे शेगावचे. त्यांचे वडील रेल्वेत नोकरीला होते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना गांधीजी व विनोबा यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव पडला आणि जेथे डॉक्टर नाही अशा ठिकाणी जाऊन काम करावे, असे त्यांच्या मनाने घेतले. पुढे अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात, धारणी तालुक्यातील बैरागड या आदिवासी गावात त्यांनी पत्नी डॉ. स्मिता कोल्हे यांच्यासह आयुष्य वेचले. २०१९ साली या दाम्पत्याला पद्मश्री किताब देण्यात आला.

हा गौरव सर्वांना ठाऊक आहे. बैरागडला स्थायिक होण्यापूर्वी घडलेली एक गोष्ट मात्र आपल्या तरुणांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पदवी मिळाली, मनाचा निर्धारही झाला, म्हणून हा तरुण डॉक्टर थेट डोंगरात गेला नाही. तो वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. उल्हास जाजू यांच्याकडे सल्ल्यासाठी गेला. डॉ. जाजू हे वैद्यकाचे अध्यापक होते आणि त्याचबरोबर खेड्यापाड्यांतील आरोग्याचे काम स्वतः करणारे होते. दुर्गम भागात वैद्यकीय सेवा करायची तर काय लागते, हे त्यांना पुस्तकातून नव्हे तर कामातून ठाऊक होते.

डॉ. जाजू यांनी त्यांना तीन गोष्टी येणे आवश्यक असल्याचे सांगितले. सोनोग्राफी व रक्त देण्याची सोय नसताना बाळंतपण करता आले पाहिजे. एक्स-रे नसताना न्यूमोनिया ओळखता आला पाहिजे. आणि अतिसाराच्या रुग्णावर उपचार करता आले पाहिजेत. डॉ. कोल्हे त्यानंतर सहा महिने मुंबईत राहिले, या तीन गोष्टी शिकले आणि मगच बैरागडला गेले.

या छोट्याशा प्रसंगात पुष्कळ काही आहे. पहिली गोष्ट अशी की, विचारणाऱ्याने आपला विचार आधी केलेला होता. "मी आयुष्यात काय करू?" असा अधांतरी प्रश्न घेऊन तो गेला नाही. "मला अमुक ठिकाणी अमुक काम करावयाचे आहे, त्यासाठी माझ्यात काय कमी आहे?" असा त्या भेटीचा रोख होता. दुसरी गोष्ट, ज्याच्याकडे तो गेला तो माणूस त्या कामाच्या सर्वांत जवळचा होता. मोठ्या शहरातील एखाद्या नामवंत शल्यविशारदाला विचारले असते, तर उत्तर वेगळे आले असते. तिसरी गोष्ट, सल्ला देणाऱ्याने तरुणाची तोंडभर स्तुती केली नाही आणि त्याला परावृत्तही केले नाही. त्याच्या हाती त्याने तीन कामांची यादी ठेवली. आणि चौथी गोष्ट, ऐकणाऱ्याने ती यादी वहीत ठेवून दिली नाही. सहा महिने खर्च करून ती पूर्ण केली.

पुढे बैरागडमध्ये असताना स्फोटात हात गमावलेला एक रुग्ण त्यांच्याकडे आला, तेव्हा शल्यचिकित्सेचे ज्ञान नसल्यामुळे आपण त्याच्यासाठी काही करू शकत नाही, हे त्यांना जाणवले. मग ते पुन्हा शिकावयास गेले व एम.डी. होऊन परतले. म्हणजे एकदा मिळालेला उत्तम सल्लाही जन्मभर पुरत नाही. काम करीत असताना पुन्हा विचारावे लागते, पुन्हा शिकावे लागते.

कोणाला विचारावे?

पवित्र शास्त्रातील बेन सिराच्या ग्रंथाचा ३७ वा अध्याय प्रत्येक इंटर्नने एकदा शांतपणे वाचावा. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील हा यहुदी ज्ञानी सल्लागारांविषयी फार व्यवहारी बोलतो. प्रत्येक जण आपलाच सल्ला चांगला म्हणणार, पण काहींचा सल्ला त्यांच्या स्वतःच्या लाभासाठी असतो, असा इशारा तो प्रथम देतो. ज्या माणसाचा प्रश्नातच स्वार्थ गुंतलेला आहे, त्याला तो प्रश्न विचारू नये, अशी त्याची शिकवण आहे. व्यापाऱ्याला भावाविषयी विचारू नये, आळशाला कामाविषयी आणि भित्र्याला लढाईविषयी.

आजच्या परिस्थितीत याचा अर्थ लावणे कठीण नाही. कोणता कोर्स करावा हे त्या कोर्सची फी घेणाऱ्या क्लासचालकाला विचारले, तर उत्तर आधीच ठरलेले असते. परदेशातील नोकरी चांगली आहे का, हे दलाली घेणाऱ्या एजंटला विचारण्यात अर्थ नाही. जो सहकारी स्वतःच आपल्या नोकरीला कंटाळला आहे, त्याचे ऐकावे जरूर, पण केवळ त्याच्याच शब्दावर त्या क्षेत्राकडे पाठ फिरवू नये.

मग योग्य माणूस कोणता? तो नेहमी सर्वांत वरच्या खुर्चीवर बसलेला असतोच असे नाही. रुग्णालयात प्रशिक्षण घेणाऱ्या परिचारिकेला वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर जे सांगू शकतील ते अधीक्षकांना सांगता येईलच असे नाही. कारखान्यातील पदविकाधारकाला व्यवस्थापकापेक्षा पाळीचा पर्यवेक्षक किंवा वीस वर्षे यंत्रावर उभा राहिलेला फिटर अधिक उपयोगी पडू शकतो. जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापसाची प्रत हातात घेऊन ओळखणारा माणूस, पतसंस्थेत कर्जप्रकरणे तपासून केस पांढरे झालेला शाखाधिकारी, ग्रामपंचायतीत निधीचा हिशेब नीट ठेवणारा ग्रामसेवक, हे सर्व आपापल्या विषयाचे जाणकार आहेत. त्याच बेन सिराने पुढच्याच अध्यायात नांगरणारा, कोरीवकाम करणारा, लोहार आणि कुंभार यांच्या कौशल्याचे वर्णन करून, जगाचा गाडा यांच्या हातांवर चालतो असा भाव व्यक्त केला आहे, हे विसरता कामा नये.

शक्य असल्यास दोन प्रकारच्या व्यक्तींना विचारावे. एक, जिला त्या कामात दहा-पंधरा वर्षे झाली आहेत. दुसरी, जी आपल्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच पुढे आहे. पहिली व्यक्ती वाट कोठे जाते ते सांगते. दुसरी व्यक्ती वाटेतील पहिला खड्डा कोठे आहे ते सांगते, कारण ती नुकतीच त्यात पडून उठलेली असते.

केव्हा व कसे विचारावे?

रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात सल्ला मागणे बरे नव्हे आणि निरोपाच्या दिवशी मागणे उशिराचे ठरते. सुरुवातीचे काही आठवडे वेळेवर येणे, सांगितलेले काम पूर्ण करणे आणि डोळे उघडे ठेवणे, एवढेच करावे. ज्याने आपले काम मन लावून केले आहे, त्याचा प्रश्न वरिष्ठ माणूस आपुलकीने ऐकतो. मुदतीच्या मध्यावर, म्हणजे सहा महिन्यांच्या प्रशिक्षणात तिसऱ्या महिन्याच्या सुमारास, विचारणे योग्य. त्यामुळे मिळालेल्या सल्ल्यानुसार उरलेल्या काळात तेथेच काही शिकून घेता येते.

विचारण्याची भाषा साधी असावी. आपल्याकडे वडीलधाऱ्यांशी बोलताना काही मुले इतकी संकोचतात की वाक्य पूर्ण होत नाही, तर काही मुले व्हॉट्सअ‍ॅपवर एका ओळीत "सर, गायडन्स पाहिजे" असे लिहून मोकळी होतात. त्याऐवजी समोर जाऊन, त्यांच्या कामाची घाई नाही असे पाहून, असे म्हणता येईल:

"सर, मी गेले तीन महिने आपल्या विभागात काम शिकतो आहे. आपण यंत्रातला बिघाड कसा शोधता ते मी पाहिले. मलाही देखभालीच्या कामातच पुढे जावे असे वाटते. त्याविषयी दोन-तीन प्रश्न विचारायचे आहेत. या आठवड्यात आपल्या सोयीने पंधरा मिनिटे मिळतील का?"

या पाच वाक्यांत सर्व काही आले. आपण कोण, आपण काय पाहिले, आपला कल कोणता आणि किती वेळ हवा. पंधरा मिनिटे मागितली असतील तर पंधराव्या मिनिटाला उठण्याची तयारी ठेवावी. त्यांनीच थांबवून घेतले तर गोष्ट वेगळी. "आता वेळ नाही" असे उत्तर आले तर वाईट वाटून घेऊ नये. मार्च अखेरीस पतसंस्थेच्या अधिकाऱ्याला किंवा साथीच्या दिवसांत डॉक्टरला खरोखरच वेळ नसतो. "पुढच्या आठवड्यात विचारू का?" असे नम्रपणे म्हणावे.

काय विचारावे?

शेगावच्या त्या तरुण डॉक्टरच्या प्रश्नाचा गाभा ध्यानात ठेवावा: या कामासाठी माझ्यात काय कमी आहे? त्यावरून पुढील प्रश्न सुचतात.

१. आपण या कामात आलात तेव्हा सर्वांत आधी कोणती गोष्ट शिकावी लागली? ती आजही तितकीच आवश्यक आहे का?

२. माझे काम आपण पाहिले आहे. माझी कोणती उणीव पुढे अडचणीची ठरेल?

३. या क्षेत्रात पुढची पाच वर्षे टिकायचे तर कोणत्या दोन-तीन गोष्टी हातच्या मळासारख्या यायला हव्यात?

४. मी अमुक अभ्यासक्रम करावा असा विचार आहे. आपण माणसे निवडता तेव्हा त्या प्रमाणपत्राला खरोखर किती किंमत देता?

५. या कामातील अशी कोणती गोष्ट आहे जी बाहेरून दिसत नाही, पण आत आल्यावर सोसावी लागते?

६. याविषयी आणखी कोणाशी बोलावे असे आपल्याला वाटते?

शेवटचा प्रश्न लहान दिसतो, पण ज्याच्या घरात ओळख नाही त्याच्यासाठी तो फार मोलाचा आहे. एका भेटीतून दुसऱ्या भेटीची वाट त्याने मोकळी होते.

काही गोष्टी मात्र टाळाव्यात. "मला येथे कायम करा" ही मागणी सल्ल्याच्या आडून पुढे करू नये. नोकरीसाठी अर्ज करावयाचा असेल तर तो सरळ, वेगळा करावा. सल्ल्याचे निमित्त करून शिफारस मागितली की समोरचा माणूस सावध होतो आणि मग खरे बोलत नाही. इतर कर्मचाऱ्यांविषयी तक्रारी, कार्यालयातील राजकारण, साहेबांचा पगार, या विषयांना त्या पंधरा मिनिटांत जागा नाही.

मर्यादा आणि सुरक्षितता

पालकांच्या, विशेषतः मुलींच्या पालकांच्या मनात एक रास्त काळजी असते, तिचाही विचार करावयास हवा. सल्ल्याची भेट कामाच्या ठिकाणी, कामाच्या वेळेत, इतरांच्या वावराच्या जागी व्हावी. जो माणूस मार्गदर्शनासाठी पैसे मागतो, रात्री अवेळी फोन करतो किंवा एकांतात भेटण्याचा आग्रह धरतो, तो मार्गदर्शक नव्हे. तेथून सन्मानाने बाजूला व्हावे आणि घरी, महाविद्यालयात किंवा आपल्या धर्मगुरूंना, सिस्टरांना मोकळेपणाने सांगावे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा कायम नोकरीतील महिलांपुरताच मर्यादित नाही. प्रशिक्षणार्थी व शिकाऊ उमेदवार महिलांनाही त्याचे संरक्षण आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि त्याहून लहान आस्थापनांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समितीची तरतूद आहे. ही माहिती प्रत्येक मुलीला रुजू होण्यापूर्वीच असली पाहिजे.

सल्ला मिळाल्यावर

ज्या दिवशी भेट झाली त्याच रात्री, झोपण्यापूर्वी, ऐकलेले सर्व वहीत लिहून काढावे. त्यातील एक गोष्ट निवडून त्याच आठवड्यात सुरू करावी. हिशेबाचे सॉफ्टवेअर शिका असे सांगितले असेल तर रोज अर्धा तास, इंग्रजीत अहवाल लिहिता आला पाहिजे असे सांगितले असेल तर रोज एक परिच्छेद. महिनाभराने पुन्हा जाऊन "आपण सांगितलेले सुरू केले, येथवर आलो, येथे अडलो" असे सांगावे. बहुतेक अनुभवी माणसांना असा अनुभव असतो की सल्ला मागणारे पुष्कळ येतात, पण परत येऊन काय केले ते सांगणारा क्वचित भेटतो. जो परत येतो, तो त्यांच्या लक्षात राहतो. ओळख म्हणतात ती अशी तयार होते. त्याच बेन सिराने अन्यत्र, ज्ञानी माणूस भेटला की भल्या पहाटे त्याच्याकडे जावे, आपल्या पावलांनी त्याचा उंबरठा झिजवावा, असे सुचविले आहे. उंबरठा एका भेटीत झिजत नाही.

कधी कधी सल्ला न रुचणारा असतो. मार्कच्या शुभवर्तमानातील तो श्रीमंत मनुष्य आठवावा. तो धावत आला, गुडघे टेकले, प्रश्नही योग्य विचारला. उत्तर ऐकून मात्र खिन्न होऊन निघून गेला. तुझी गणिताची बाजू कच्ची आहे, तुला आणखी एक वर्ष शिकावे लागेल, तुझे बोलणे ग्राहकाला समजत नाही, असे कोणी सांगितले तर दोन दिवस वाईट वाटेल. तिसऱ्या दिवशी मात्र त्यात तथ्य किती, हे शांतपणे तपासावे. सेवाग्रामला मिळालेल्या उत्तराचाही अर्थ "तू अजून तयार नाहीस" असाच होता.

दोन जाणकारांचे सल्ले परस्परविरोधी निघाले तर गोंधळू नये. प्रत्येक जण आपापल्या अनुभवाच्या खिडकीतून पाहतो. अशा वेळी बेन सिराने सांगितलेल्या पुढच्या दोन पायऱ्या कामी येतात. सर्वांचे ऐकून झाल्यावर स्वतःच्या अंतःकरणाचा कौल घ्यावा, असे तो म्हणतो. कारण आपल्याशी आपल्या अंतःकरणाइतके प्रामाणिक कोणी नाही. आणि सर्वांत शेवटी परात्पर परमेश्वराची प्रार्थना करावी, की त्याने आपला मार्ग सत्यात सरळ करावा. हा क्रम अर्थपूर्ण आहे. प्रार्थना करतो म्हणून कोणाला विचारण्याची गरज नाही, असे पवित्र शास्त्र म्हणत नाही. आणि दहा जणांना विचारले म्हणून प्रार्थनेची गरज उरत नाही, असेही म्हणत नाही.

प्रभू येशूचे उदाहरणही आपल्यापुढे आहे. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत व त्यांना प्रश्न विचारीत होता, असे संत लूक लिहितो. त्यानंतर तो नासरेथला परतला व आपल्या आईवडिलांच्या आज्ञेत राहिला. पुढे गावकरी त्याला सुतार म्हणून ओळखत होते. म्हणजे संत योसेफाच्या कामाचा वारसा त्याच्या हातांत उतरलेला होता. देवपुत्राने ज्या वाटेने शिकणे पसंत केले, त्या वाटेने जाण्यात आपल्याला कमीपणा कसला?

ज्येष्ठांनो, आता आपल्याकडे

या विषयाची दुसरी बाजू आपणा प्रौढांची आहे. आपल्या धर्मग्रामांत निवृत्त मुख्याध्यापक आहेत, परिचारिका आहेत, एस.टी.च्या कार्यशाळेत आयुष्य घालविलेले तंत्रज्ञ आहेत, बँकेत, महसूल खात्यात, रेल्वेत काम केलेले बंधू आहेत. रविवारच्या मिस्सानंतर आवारात आपण एकमेकांच्या प्रकृतीची विचारपूस करतो, पावसापाण्याचे व सोयाबीनच्या भावाचे बोलतो. त्याच आवारात दहा हातांवर उभा असलेला एखादा मुलगा उद्यापासून त्याच क्षेत्रात शिकाऊ म्हणून जाणार आहे, हे आपल्याला पुष्कळदा ठाऊकही नसते.

ऑक्टोबर २०१८ मध्ये रोम येथे भरलेली धर्माध्यक्षांची महासभा 'तरुण, श्रद्धा आणि पाचारणाची पारख' याच विषयावर होती. तिच्यानंतर २५ मार्च २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी 'ख्रिस्तूस विव्हित' हे प्रबोधनपत्र तरुणांना उद्देशून लिहिले. मार्गदर्शकाकडून तरुणांच्या काय अपेक्षा आहेत, हे त्या पत्रात तरुणांच्याच मतांवरून नोंदविले आहे. मार्गदर्शकाने आपल्या मर्यादा ओळखाव्यात, तरुणांना मुकाट्याने मागे चालणारे अनुयायी करू नये, त्यांच्याबरोबरीने चालावे व त्यांचे स्वातंत्र्य जपावे, असा त्याचा आशय आहे. सल्ला देणे म्हणजे आपले अपुरे स्वप्न दुसऱ्याच्या मुलावर लादणे नव्हे, हे यातून स्पष्ट होते.

जुन्या करारात याचे दोन आदर्श सापडतात. बाल शमुवेलाला रात्री हाक ऐकू आली तेव्हा तो एलीकडे धावला. वृद्ध एलीने देवाच्या जागी स्वतः उत्तर दिले नाही. परत जाऊन कसे ऐकावे, एवढेच त्याने शिकविले. दुसरा आदर्श इथ्रोचा. निर्गमाच्या १८ व्या अध्यायात तो जावयाला भेटावयास येतो. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवीत बसलेला त्याला दिसतो. इथ्रो एक दिवस नीट पाहतो, मग हे काम एकट्याच्याने होणार नाही असे स्पष्ट सांगतो, आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर विश्वासू माणसे नेमण्याची पद्धत सुचवितो. सल्ला देऊन झाल्यावर तो तेथे अधिकार गाजवीत बसत नाही, आपल्या देशी निघून जातो. आधी पाहणे, मग स्पष्ट बोलणे, करता येईल असे काही सुचविणे आणि नंतर बाजूला होणे, अशी ही रीत आहे. सेवाग्रामच्या प्राध्यापकाची रीत याहून फार वेगळी नव्हती.

प्रत्येक धर्मग्रामात हे करता येण्याजोगे आहे. युवा मंडळाने आपल्या धर्मग्रामातील कामकरी व निवृत्त ज्येष्ठांची, त्यांच्या संमतीने, एक यादी करावी: कोणी कोणत्या क्षेत्रात किती वर्षे काम केले, आणि तरुणांना अर्धा तास देण्यास ते तयार आहेत का. इंटर्नशिपला निघालेल्या मुलामुलींची नावे धर्मगुरूंना कळवावीत, म्हणजे योग्य ज्येष्ठाशी त्यांची गाठ घालून देता येईल. १ मे हा संत योसेफ कामकरी याचा सण पोप पायस बारावे यांनी १९५५ साली सुरू केला. त्या दिवशीच्या मिस्सानंतर ज्येष्ठ व तरुण यांची तासभर एकत्र बैठक घेतली, तर त्या सणाचा अर्थ आपल्या गावात उतरेल. यासाठी निधी लागत नाही, सभागृह लागत नाही. चटई आणि चहा पुरेसा आहे.

प्रिय युवक-युवतींनो, आपल्यापैकी जे सध्या कोठे प्रशिक्षण घेत आहेत, त्यांनी आज एक काम करावे. आपल्या कामाच्या ठिकाणच्या अशा एका व्यक्तीचे नाव वहीत लिहावे, जिचे काम पाहून "हे मलाही यावे" असे वाटते. त्याखाली आपला एक प्रश्न लिहावा. आणि मुदत संपण्याची वाट न पाहता, या आठवड्यात त्या व्यक्तीकडे पंधरा मिनिटे मागावीत.